जित्या माणसाचं माप

तळहातावरची गोळी पांढरी होती, लांबट, मधोमध एक बारीक रेघ असलेली — आणि माणसाचं पुढचं सगळं आयुष्य अशाच एखाद्या रेघेवर तोललेलं असतं, राज्यं येतात नि जातात, विचारसरण्या विटतात, पण पेशीच्या दारात शेवटपर्यंत उभी राहतात ती खनिजंच, हे सत्य इंद्रजीतला आता इतकं लख्ख कळलं होतं की त्याने ती गोळी काहीशा गांभीर्यानेच जिभेवर ठेवली, पाण्याचा घोट घेतला, आणि ती घशात आडवी बसली.

"अडकली का?" स्वयंपाकघरातून सुलेखाने न बघताच विचारलं.

त्याने मानेने नाही म्हटलं. तिला ते दिसणार नव्हतं, पण नवरेपणाची काही उत्तरं अशी भिंतीकडे बघूनच द्यायची असतात.

गोळी उतरली. छातीच्या आत कुठेतरी ती विरघळते आहे, असं त्याला वाटत राहिलं... रोजच वाटायचं. कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवण्यात अर्धं आयुष्य गेलं, मॅग्नेशियम, झिंक, क्रोमियम ही सगळी मंडळी फळ्यावर चौकोनाचौकोनात राहणारी, भाडं वेळेवर देणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि आता उतारवयाच्या तोंडाशी तीच आपल्या पोटात राहायला येतील, असं कुणाला ठाऊक होतं? कन्नड गावच्या शाळेत पहिल्यांदा मॅग्नेशियमची फीत पेटवली होती सरांनी. वर्गाच्या खिडक्या लावून घेतलेल्या, आणि मग तो उजेड — पांढरा, कोरा, ज्यात पोरांच्या चेहऱ्यांवरचे मातीचे डागसुद्धा नाहीसे झाले. त्या उजेडापायी तो रसायनशास्त्राला गेला. आणि हल्ली झोपेत तो उजेड परत यायचा. गोळ्या सुरू केल्यापासून स्वप्नं फार स्वच्छ पडत होती. कारखान्याच्या काट्यावर उसाच्या बैलगाड्या लागलेल्या, सगळं त्या पांढऱ्या उजेडात, आणि वजन लिहिणारे बापू, त्याचे वडील रामकिसन, काट्याच्या खोलीतून दोन्ही पायांनी चालत बाहेर येताहेत. दोन्ही पायांनी... जागं झाल्यावर त्या दोन पायांचंच आश्चर्य वाटत राहायचं.

साखरेने बापूंचा आधी अंगठा गेला, मग पाऊल. त्यानंतर कितीतरी दिवस ते म्हणायचे, "इंद्या, अंगठ्याला लई खाज सुटली रं." आणि एमएस्सी झालेला इंद्रजीत पलंगाच्या कडेला बसून, जिथं काही नव्हतं तिथली चादर हलक्या हाताने खाजवायचा. बापूंना बरं वाटायचं. ते डोळे मिटून घ्यायचे.

म्हणून डॉक्टर तीन महिन्यांपूर्वी म्हणाले, की सर, तुम्ही मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात, गोळी सुरू करू — तेव्हा त्याला गोळी दिसली नाही, चादर दिसली. तो म्हणाला, मला थोडा वेळ द्या. डॉक्टर म्हणाले, घ्या तीन महिने, चाला, भात कमी करा. चालणं आणि भात हे फारच साधं होतं; शिकलेल्या माणसाला त्यात करण्यासारखं काही नव्हतं. त्याने 'चयापचय मित्रमंडळ' नावाच्या मोबाइलवरच्या गटात नाव घातलं, जिथं निवृत्त अभियंते पहाटे एकमेकांना जस्ताच्या मात्रा कळवायचे आणि सणावाराला शुभेच्छांच्या फुलांसोबत क्रोमियमचे फायदे पाठवायचे. त्यांच्याच सल्ल्याने त्याने डॉक्टरांच्या गोळीऐवजी खनिजांच्या गोळ्या सुरू केल्या. आणि प्रयोग म्हटला की त्याला तुलनेचा नमुना हवा, ज्याला औषध द्यायचं नाही, ज्याच्यात काहीच बदल करायचा नाही. आईचं वय झालेलं; म्हणजे तसा नमुना घरात एकच होता.

"म्हणजे मी करायचं काय?" सुलेखाने तेव्हा विचारलं होतं.

"काहीच नाही. तू जशी आहेस तशी राहायचं."

"एवढं तर लग्न झाल्यापासून करतेच आहे," ती म्हणाली होती आणि रक्त द्यायला आली होती. तिची साखर अगदी चोख निघाली. नमुना उत्तम होता.

आज तीन महिने पुरे झाले. उपाशीपोटी दोघं स्कूटरवर निघाले. सिडकोतून जुन्या शहरात शिरताना ऊन अजून कोवळं होतं, गुलमंडीवरची दुकानं अर्धवट डोळे उघडत होती, एका शटरच्या आत एक माणूस प्लॅस्टिकच्या बाईला साडी नेसवत होता, निऱ्या दाताखाली धरून, इतक्या मायेने की इंद्रजीतने स्कूटर हळू केली. रिकाम्या पोटी जग जरा पातळ होतं. सगळं काचेच्या परीक्षानळीतून बघितल्यासारखं... मागे सुलेखाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि तिचं डोकं मधूनच त्याच्या पाठीला टेकत होतं. हल्ली तिला कुठंही झोप येते. नमुना सुस्त आहे, आणि मी बघा, केवढा ताजा — हे त्याने मित्रमंडळात कळवलंही होतं. त्यावर हात जोडलेली पुष्कळ चित्रं आली होती.

"सर, मूठ आवळा," लॅबमध्ये रक्त काढणारी सोनिया म्हणाली. "मॅडमचं पण काढायचं ना?"

"हो. त्या तुलनेसाठी आहेत."

"कशासाठी?"

"मी काही नाही गं," सुलेखा बाही वर करत म्हणाली. "मी आपली सोबत आले."

घरी येऊन खाणं झालं, कॉलेजला सुट्टी होती, दुपार झाली. जेवताना भाताचं भांडं आलं की नजर वळवायची, असं मित्रमंडळाचं सांगणं होतं: मोह डोळ्यांतून शिरतो. त्यामुळे तीन महिने इंद्रजीत कुकरची वाफ निवेपर्यंत खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे बघत असे, ज्वारीची भाकरी चावत, आणि त्याला आपण कुठल्यातरी आश्रमात आहोत असं वाटे. आजही तो कडुनिंबाकडे बघत राहिला. पानं हलत होती. हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियम असतं, प्रत्येक हिरव्या पानात, हे तो दरवर्षी मुलांना सांगायचा आणि दरवर्षी एकही मूल मान वर करायचं नाही. आता वाटलं, ते झाड नि आपण आतून एकाच घरातले आहोत. ताटं वाजली, आई काहीतरी म्हणाली, सुलेखाने ताटं उचलली. तो झाडातच होता.

मोबाइल वाजला तेव्हा सुलेखा दिवाणावर झोपली होती, एक हात खाली लोंबकळत, तोंड किंचित उघडं.

त्याचा आकडा दशांशानेसुद्धा हलला नव्हता. त्याने तो तीनदा वाचला, चष्मा पुसून वाचला. वाढला असता तर निदान राग आला असता. हा आकडा मात्र त्याच्याकडे अशा नजरेने बघत होता की जणू त्यांची कधी ओळखच झाली नव्हती. मग त्याने दुसरी फाइल उघडली. सुलेखाचा आकडा त्याच्या आकड्याच्या पुढे निघून गेला होता. उंबरठा ओलांडून, आत, चपला काढून बसला होता.

नावांची अदलाबदल. हे पहिलं सुचलं, आणि लाज वाटावी इतकं बरं वाटलं. म्हणजे माझा आकडा तिचा आणि तिचा माझा... पण मग वाढलेला माझा? तरी त्याने गॅलरीत जाऊन फोन लावला.

"नाही सर," सोनिया म्हणाली, "नळीवर नाव तुमच्यासमोरच घातलं की. मॅडमचं जरा जास्त आलंय, म्हणून दोनदा लावलं मशीनला. दाखवून घ्या डॉक्टरांना."

गॅलरीत आई, वच्छलाबाई, सुपात लसूण सोलत बसली होती. तिला फोनमधलं सगळं कळलं असावं. तिला नेहमीच कळायचं.

"सुलीचं वाढलं व्हय?"

"तिनं काहीच बदललं नव्हतं, आई. तिनं आहे तसंच राहायचं ठरलं होतं. तेवढंच तर काम होतं तिला."

"तसंच कसं राहील? तुझा बी भात तीच खाती की."

इंद्रजीत खाली बसला. "माझा कुठला भात? मी भात सोडलाय."

"तू सोडला. पातेल्यानं सोडला का?" आईने एक पाकळी नखाने सोलली. "तुझ्या नावाचं माप पडतंच रोज. पोळीचं बी तसंच, गोडाधोडाचं बी. अक्षय तृतीयेला तुझा रस कुणी प्यायला? टाकायचं तर नाय. मला ह्या वयात पचत नाय. मग खाती बिचारी, तू झाडाकडं बघत बसला की."

"मग माझं माप घालायचंच कशाला?"

आईने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, फक्त शिकलेल्या पोराबद्दलचं जुनं नवल होतं.

"जित्या माणसाचं माप कमी करीत नसत्यात, बाबा. तुझा बाप गेला, तवा तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मीच मापातली मूठ डब्यात परत टाकली. माह्या हातानं. ती मूठ..." ती थांबली. लसूण सोलू लागली. "सुलीनं पयल्याच दिवशी इचारलं होतं मला, की आत्या, ह्यांचं कमी घालू का. म्या म्हनलं, घाल बाई, पर आपल्या मनाला बघ. मंग कमी नाय घातलं तिनं."

खालच्या रस्त्यावरून भंगारवाल्याची हाक लांब जात राहिली. प्रयोगात दोन गोष्टी एकदम बदलल्या, असं त्याच्या डोक्यातला मास्तर म्हणत होता. नमुन्याला लागण झाली, निष्कर्ष बाद, विद्यार्थ्याला शून्य. पण तो आवाज फार लांबून येत होता, बंद वर्गातून. त्याला दिसत होते ते दोन घास. रोज सकाळ-संध्याकाळ, मी कडुनिंबाच्या पानांत गेलेलो असताना, समोर बसलेली एक बाई मला जिवंत ठेवण्यासाठी भूक नसताना दोन घास जास्त खात होती, आणि तिला झोप यायची, रात्री उठून ती पाणी प्यायची, आणि मी ते सगळं निवृत्त अभियंत्यांना कळवत होतो. त्याची नजर दारातून आत, झोपलेल्या सुलेखाच्या लोंबकळणाऱ्या हातावरून खाली गेली, चादरीतून बाहेर आलेल्या पावलांकडे. दोन्ही पावलं होती. टाचांना भेगा होत्या, बोटांत जोडवी होती. तो जाऊन जवळ बसला. हात लावावा की नाही, हे त्याला कळेना... लावला. अंगठा होता. गरम होता.

"काय करताय?" सुलेखा डोळे न उघडता म्हणाली. "आला का रिपोर्ट? उतरली?"

"माझी आहे तेवढीच आहे."

"अगं बाई. एवढ्या गोळ्या खाऊन?" ती उठून बसली, त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि तिचं हसू हळूहळू मावळलं. "माझी?"

त्याने मोबाइल तिच्या हातात दिला. तिने तो लांब धरून वाचला. मग पदर सारखा केला, जसं कुणी परकं आल्यावर करतात.

"मशीनचं काही..."

"नाही. विचारलं मी."

"बरं." तिने मोबाइल उलटा करून दिवाणावर ठेवला. "मग आता ते उरलेलं कोण खाणार?"



दिवेलागणीला कुकरची शिट्टी झाली. ताटं मांडली गेली. तिघंही बसली, आणि भाताचं भांडं आलं तेव्हा इंद्रजीतची मान सवयीने खिडकीकडे वळली. बाहेर अंधारात झाड नव्हतं, काचेत त्याचाच चेहरा होता, आणि मागे हातात पळी घेऊन थांबलेली सुलेखा. ती कुणाच्या ताटाकडे जायचं याचा विचार करत होती. आई ताटाकडेच बघत होती. त्याला वाटलं, की आपण आता एका अशा जागी आलो आहोत जिथून आपलं शरीर कुठं संपतं नि तिचं कुठं सुरू होतं, हे कुठलंच मशीन सांगू शकणार नाही. भीती होती, पण ती आता एकट्याची नव्हती, आणि म्हणून की काय, ती थोडी मोठी आणि थोडी ऊबदार झाली होती.

"घाल," तो म्हणाला, आणि ताट पुढे केलं. "अर्धा. अर्धं माप चालतं ना, आई?"

सुलेखाने वाढला.

भात जरा कच्चा राहिला होता.