अंगठ्यातल्या दोन तारा

करवतीवरून फळी उसळली आणि सुताराच्या उजव्या अंगठ्याचं हाड मुळाशी फुटलं. चीर द्यावी लागली नाही. डॉक्टरबाईंनी पडद्यावर एक्स-रे बघत अंगठा ओढून हाड जागेवर आणलं, कातडीतूनच दोन बारीक तारा घातल्या, बाहेरची टोकं वाकवली आणि वर प्लास्टर केलं.

"तारा किती दिवस?"

"पाच आठवडे." त्याला समजावं म्हणून त्या पुढे म्हणाल्या, "तुम्ही सरस सुकेपर्यंत तात्पुरते खिळे ठोकता ना, तसंच."

बाविसाव्या दिवशी सूज नव्हती, दुखणंही नव्हतं. जिन्याच्या कठड्याचं काम अडलं होतं.

"अगं, पकड आण."

"कशाला?" बायकोने विचारलं.

"सांधा धरलाय. खिळा उगाच ठेवला की भोवतीचं लाकूड काळं पडतं."

"अहो, पाच आठवडे म्हणाल्यात त्या."

"हातचं राखून सांगतात गं. मीही गिऱ्हाइकाला आठ दिवस सांगतो, सहा दिवसांत देतो."

"तुम्ही? माझं कपाट चार वर्षं व्हायचंय!"

तो हसला. बारीक करवतीने त्याने प्लास्टरला खिडकी पाडली. डाव्या हाताने पकड बसेना, म्हणून तारा तिने ओढल्या. पहिली सहज आली. दुसरीच्या वेळी तिने डोळे मिटून घेतले. रक्ताचे दोनच थेंब आले.

उरलेलं प्लास्टरही कापून टाकून चार दिवस त्याने रंधा मारला. पाचव्या दिवशी अंगठा टम्म फुगला आणि तारेच्या भोकातून पू आला.

डॉक्टरबाईंनी जुना आणि नवा एक्स-रे शेजारी लावले. हाड सरकलं होतं.

"परत तारा घाला," सुतार म्हणाला.

"आता नाही जमणार. पू हाडापर्यंत गेलाय. आधी उघडून साफ करायचं, मग सांधा कायमचा जखडायचा. दुखणार नाही, पण तिथून वळणारही नाही."

"रंधा?"

"चमचा धराल, पेन धराल. रंध्याला तेवढा जोर राहणार नाही."

"पण सरस तर एका रात्रीत सुकतो. तुम्हीच म्हणालात, तसंच."

डॉक्टरबाईंनी एक्स-रे उतरवले. "म्हणाले खरी. एवढ्या लवकर सुकतो हे मला माहीत नव्हतं."

"तारा मी ओढल्या," बायको म्हणाली. तिला कोणी विचारलं नव्हतं.

संमतीचा कागद समोर आला. त्याच्या वतीने सही करायला तिने पेन उचललं, पण तिच्याने टोक कागदावर टेकवेना. सुताराने डाव्या हाताने तिचं मनगट धरलं आणि सही होईपर्यंत सोडलं नाही.