त्या सालचं एक हात पाणी

मित्रांनो, मी एक जुना तट्टा आहे. बांबूच्या कामट्या आडव्याउभ्या विणून केलेला. सध्या चंद्रपूरच्या एका कॉलेजात सायकल स्टँडच्या पश्चिमेला मला बांधून ठेवलंय, म्हणजे सायकलींच्या सीटा तापू नयेत. येणारेजाणारे मला टेकून गप्पा मारतात. त्यांना वाटतं, या तट्ट्याला काय कळतंय! तर ऐका. संगणकाच्या परिषदेत मी तीन दिवस उभा होतो आणि तिथला शब्द न् शब्द कान टवकारून ऐकला आहे. तट्ट्याला कान नसतात हे मला ठाऊक आहे. मध्येच शंका काढू नका.

माझा बांबू आलापल्लीकडच्या जंगलातला. लहानू बुरडानं तो चिरला, कामट्या सोलल्या आणि त्याच्या बायकोनं, कांतानं, अंगणात बसून मला विणलं. आम्हा तट्ट्यांचं नशीब ठरलेलं असतं. कोणी बैलबंडीला लागतो, कोणी कुडाच्या भिंतीला. पण १९८८ च्या जानेवारीत कॉलेजचा माणूस आला आणि त्यानं एकदम तीस तट्टे सांगितले. झाडीपट्टीत तो नाटकांचा हंगाम. लहानूला वाटलं, मंडप घालणार असतील. त्यानं विचारलं, नाटक कोणतं हाय जी? तो माणूस म्हणाला, नाटक नाही, परिषदेत पोस्टरं लावायची आहेत. कांताला काही हे पटलं नाही. एवढा चांगला तट्टा, आणि त्यावर कागद टाचायचे?

मलाही आधी राग आला होता. टाचण्या काही गोड लागत नाहीत. पण हॉलमध्ये उभा केल्यावर माझी उत्सुकता काही केल्या बसेना. वीसपंचवीस मुलंमुली गुंडाळ्या घेऊन आली होती. ती पीएच.डी. करत होती, म्हणजे एकेकानं एकेक प्रश्न धरला होता आणि चारचार वर्षं तो सोडला नव्हता. आपला प्रश्न आणि त्याचं उत्तर मोठ्या कागदावर मांडायचं आणि शेजारी उभं राहायचं. मग मोठी जाणती माणसं येणार, खुर्ची ओढून समोर बसणार, चुकतंय कुठे, पुढे काय करायचं ते सांगणार. मला ही रीत फार आवडली. आमच्या कांतालाही तिची सासू अशीच समोर बसून वीण उसवायला लावायची.

माझ्या वाट्याला आली कुंता. नागभीडकडच्या एका तलावाच्या गावची ढिवराची पोरगी, नागपुरात शिकणारी. तिचा बाप उमाजी तलावात मासे धरायचा. त्यानं रोज सकाळी तलावाच्या दगडी खांबापाशी होडीनं जाऊन लांब काठी तळापर्यंत बुडवायची, ओली झालेली काठी हातानं मोजायची आणि गावच्या मास्तरांना आकडा सांगायचा, अशी चाल होती. जाळं कुठे टाकायचं ते त्यावरून ठरे. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर. मास्तरांची ती वही कुंतानं नागपूरला नेली. पाऊस किती पडला की तलावात पाणी किती राहील, हे सांगणारा प्रोग्राम तिनं लिहिला होता.

सगळी वर्षं बरोबर जुळत होती. फक्त १९८४ साली गडबड होती. प्रोग्राम म्हणत होता, पावसाळ्याअखेर पाणी आठ हात. वहीत होतं नऊ. पाऊस कमी, तरी हातभर पाणी जास्त! कुंतानं आलेखात लाल स्केच पेननं तिथे उंचवटा काढला होता आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की तलावाच्या पोटात लपलेला झरा असला पाहिजे. सगळे तिथेच थबकत. मी तर फुगून गेलो होतो. झरा माझ्या अंगावर होता ना!

आणि या झऱ्यावर तिचं सगळं अडलं होतं. मुंबईच्या मोठ्या संगणकावर तीन महिने काम करायची संधी एकाच विद्यार्थ्याला मिळणार होती. कोणाला, ते डॉ. अन्नपूर्णा ठरवणार होत्या. बाई मूळच्या सिरोंच्याच्या, मुंबईला शिकवायच्या. कुंताची मुदत जूनमध्ये संपत होती. तो संगणक मिळाला नाही तर चार वर्षं पाण्यात.

दुसऱ्या दिवशी दुपारी, बाई यायला अर्धा तास असताना, उमाजी आणि कुंताची माय भागीरथा हॉलमध्ये आले. लेकीनं काय केलंय ते बघायला एसटीनं आले होते. चपला बाहेर काढून आत आले, तेव्हा पोरं हसली. भागीरथानं तिकडे पाहिलंही नाही. तिनं सरळ त्या लाल उंचवट्यावर बोट ठेवलं आणि हे काय म्हणून विचारलं. कुंतानं हौसेनं सांगितलं, चार वर्षांपूर्वी, १९८४ साली, पाणी जास्त भरलं होतं.

"त्या साली तं तुह्या बापाचा पाय मोडला व्हता," भागीरथा म्हणाली. "पानी मीच मोजलं."

पाय मोडल्याचं कुंताला माहीत होतं. पण वहीवर उमाजीचं नाव होतं आणि वहीत एकही दिवस कोरा नव्हता, म्हणून तिनं कधी विचारलंच नव्हतं.

"कोणाच्या हातानं मोजलं, माय?"

"माह्याच. दुसऱ्याचा हात कुठून आणू?"

कुंतानं बापाचा हात माझ्यावर आडवा धरला आणि कामट्या मोजल्या. अठरा भरल्या. मायचा हात धरला. सोळा. मित्रांनो, हिशेब तुम्हीही करा. नऊ वेळा सोळा म्हणजे आठ वेळा अठरा. झरा गेला. माझ्या अंगावरून, माझ्याच कामट्यांनी मोजून गेला. मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू!

शेजारच्या तट्ट्यापाशी राजुऱ्याचा हरिदास उभा होता. कोळशाच्या गाड्या कशा सोडाव्या, हा त्याचा प्रश्न. संगणक कुंताला नाही मिळाला तर त्यालाच मिळणार होता. तरी तो हळूच म्हणाला, "काऊन सांगतं? तू नाई बोलली तं कोणाले पत्ता बी नाई लागणार."

खरंच लागला नसता. मलाही वाटलं, गप बस पोरी. हो, वाटलं, खोटं कशाला बोलू? पण बाई खुर्ची ओढून बसल्या आणि कुंता पहिलंच वाक्य बोलली, की मॅडम, झरा नाही, ही माझी चूक आहे. मग तिनं हातांची सगळी गोष्ट सांगितली.

बाईंनी पुन्हा दोघांचे हात माझ्यावर ठेवायला लावले आणि स्वतः कामट्या मोजल्या. मग म्हणाल्या, यंदा हे काम मुंबईला पाठवता येणार नाही. बाकीच्या वर्षांतही कोणी कोणी मोजलं, ते गावात जाऊन विचार आणि आकडे पुन्हा मांड. एक वर्ष वाढवून द्यायला मी तुझ्या सरांना पत्र लिहिते. संगणक हरिदासला मिळाला. कुंता माझ्याकडे तोंड करून रडली. तिचं कपाळ माझ्या कामट्यांना टेकलं होतं आणि मला तिला काही म्हणता येत नव्हतं.

पुढे माझे दिवस सायकलींत गेले. कडा उसवल्यात, खालून वाळवी लागलीय, कोणी लक्ष देत नाही. मित्रांनो, आकडा लिहिलात की तो कोणाच्या हाताचा तेही शेजारी लिहीत चला. आणि जमलं तर माझ्याखाली दोन विटा ठेवा, ओल कमी लागेल.

पण बाई उठण्याआधीचं राहिलंच. त्यांनी कुंताला कागदावर एक नवा रकाना आखायला लावला, कोणाचा हात म्हणून. कुंतानं बाकीच्या वर्षांपुढे सध्यापुरतं बापाचं नाव लिहिलं आणि १९८४ पुढे लिहिलं, भागीरथा. मायनं विचारलं, हे काय लिवलं? कुंता म्हणाली, तुझं नाव.

भागीरथाला वाचता येत नव्हतं. तिनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. ते बोट मला कागदाआडून कळत होतं. उमाजी खाली बघत होता. मग ती म्हणाली, "मंग हे बी लिव. बाप घरी पडला व्हता, पन मी एक दिवस बी चुकली नाई."

कुंतानं तेही लिहिलं.