तुपाचा वास

दिम्यानाच्या जिभेला मुळी हाडच नव्हतं. ईस्टरआधीच्या मोठ्या उपासात नाईलकाठच्या त्या गावातली ख्रिस्ती घरं दूध-तुपाला शिवत नाहीत. आणि नेमका तेव्हाच भिंतीपलीकडून, शेजारणीच्या, इस्तिरच्या चुलीवरून तुपाचा वास आला. संध्याकाळपर्यंत दिम्यानाने तो गल्लीभर पोचवला. इस्तिरच्या लेकीच्या, फिबीच्या, होणाऱ्या सासरीही तो गेला. उपास मोडणाऱ्या घरची पोर नको, म्हणून त्यांनी सोयरीक मोडली.

मग कळलं, तूप अंथरुणाला खिळलेल्या सासूसाठी होतं आणि अबूनांनी, म्हणजे पाद्रीबाबांनीच, तशी मोकळीक दिली होती. दिम्यानाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चर्चमध्ये ती जाई, पण प्रभूची भाकर घ्यायची वेळ आली की खांबाआड होई. शेवटी तिने अबूनांपुढे सगळं ओकून टाकलं.

"देव क्षमा करायला केव्हाचा बसलाय, गिर्गिसच्या आई," अबूना तिला लेकाच्या नावाने हाक मारत म्हणाले. "पण वेदीकडची वाट इस्तिरच्या दारावरून जाते."

इस्तिर कणीक मळत होती. दिम्याना उंबऱ्यातच रडायला लागली.

"मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं," इस्तिर म्हणाली. "वास जायला भिंत तुझी एकटीचीच."

"मग भांडली का नाहीस गं?"

"दर रविवारी चर्चमध्ये एकमेकींना शांतीचा हात द्यायच्या वेळी मी तुझ्याकडे हात करून उभी राहायचे. तू मेली दुसरीकडेच वळायचीस!"

"माफ कर मला."

"मी केलं. पण सोयरीक माझी नव्हती, बाई."

फिबी आत होती. तिने सगळं ऐकलं, पण ती बाहेर आली नाही. दिम्याना मान खाली घालून घरी गेली.

रविवारी एकमेकांना शांतीचा हात द्यायची हाक झाली. दिम्यानाची नजर फरशीवरच होती. तिच्यापुढे एक हात आला, कोवळा, मनगटावर क्रूस गोंदलेला.

"मावशी, धर की. अवघडला माझा."

"पोरी, मी तुझं..."

"वाटोळं केलंस. माहितेय मला."

फिबी हसली नाही. भाकरीची वेळ झाली तशी दिम्याना सवयीने खांबाकडे सरकली. पण तिचा हात अजून फिबीच्याच हातात होता. फिबीने तिला ओढत रांगेत नेलं आणि स्वतःच्या पुढे उभं केलं.