वाचून कायम

वाशीतल्या आमच्या स्नेहवर्धक मंडळाला चौऱ्याऐंशी साली दहा वर्षं पूर्ण झाली. या दहा वर्षांत आपण एकाही सभेचं इतिवृत्त लिहिलेलं नाही, हा शोधही त्याच साली लागला. निमित्त होतं नव्या समाजमंदिरातल्या एका खोलीचं. दहा वर्षं सलग काम करणाऱ्या संस्थेला ती मिळणार होती आणि पुरावा म्हणून समाजमंदिराच्या कार्यालयाने सभांची इतिवृत्तं मागितली होती.

मंडळाचं काम म्हणजे गणपतीत आरती, कोजागरीला दूध आणि उरलेलं वर्षभर एकमेकांचे रुसवे काढणं. एक वाचनालयही होतं, ते माझ्या घरात. आतल्या खोलीत पलंगाखाली पुस्तकं, पलंगावर पुस्तकं, कपाटावर तर छताला टेकलेली, उरलेली बाहेरच्या दारापर्यंत. दिवाळीत माझी वैशाली पहिल्या बाळंतपणाला यायची होती आणि त्या खोलीत तिला धड पाय पसरायलाही जागा नव्हती. मंडळाला खोली मिळाली नसती तरी माझं काही अडत नव्हतं. पुस्तकांना मात्र मिळायलाच हवी होती.

"जयमालावहिनी, तुमचं अक्षर कसं मोत्यासारखं," अध्यक्ष नंदकुमार खानविलकर म्हणाले. "दहा वर्षं लिहून टाका ना."

"टेन्शन घेऊ नका, सह्या आमी करतो," सेक्रेटरी सुधीरने भार हलका केला.

मंडळात बायकांना आजवर चहा करायला मिळत होता, आता इतिहास करायला मिळाला. केवढी ही प्रगती!

मी लिहिलं. कधी निळी शाई, कधी काळी, मधेच चहा सांडलेलं एक पान. प्रत्येक सभेची सुरुवात 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले' या वाक्याने आणि प्रत्येक ठराव 'सर्वानुमते मंजूर'. दोघांनी एक अक्षर न वाचता भराभर सह्या ठोकल्या.

वाचलं ते फक्त कार्यालयातल्या साहेबांनी. आम्ही तिघं समोर बसलो होतो. शेवटचं पान उलटून ते म्हणाले, "दहा वर्षांत एकही भांडण नाही?"

"नाही साहेब," खानविलकर अभिमानाने म्हणाले. "सगळं सर्वानुमते."

"मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे," साहेब म्हणाले. "मराठी माणसांचं मंडळ दहा वर्षं भांडलं नाही, हे मी मरेपर्यंत मानणार नाही. खरं काय ते घेऊन या."

झालं. भांडण तयार करण्यासाठी खानविलकरांच्या घरी तातडीची सभा बोलावली.

"एखादं छोटंसं घालू," खानविलकर म्हणाले. "समजा, एकोणऐंशी साली सुधीरने मखरावरून सभात्याग केला."

"मी का? तुमी करा ना सभात्याग."

"अध्यक्ष सभात्याग करत नाही."

"मग अध्यक्ष तुमी कसे झालात, ते पण लिहू दे वहिनींना!"

तिथून पुढे मला काही रचावं लागलं नाही. कोणी कोणाच्या मुंजीला आलं नव्हतं, कोणाच्या बायकोला हळदीकुंकवात वाण कमी पडलं होतं, सगळं निघालं. शेवटी सुधीर तरातरा उठला, चपला घालून निघून गेला. चपलाही खानविलकरांच्या. दुसऱ्या दिवशी त्याने 'नव स्नेहवर्धक मंडळ' काढलं आणि जाहीर केलं की चौऱ्याहत्तर सालापासूनचं खरं मंडळ तेच. म्हणजे त्यांनाही दहा वर्षांची इतिवृत्तं हवी. संध्याकाळी तो माझ्या दारात हजर.

"वहिनी, तुमचं अक्षर..."

मला त्या दिवशी मनापासून राग आला. दोघंही माझ्या घरात त्या पुस्तकांना अडखळत आले होते, पण पुस्तकं कुठे जाणार, हे एकानेही विचारलं नव्हतं. दोघांना अक्षर हवं होतं ना? दिलं.

दोन्ही मंडळांची इतिवृत्तं मीच लिहिली. भांडण जसं झालं तसं, चपलांसकट. फक्त दोन्हीकडे शेवटच्या सभेत, चहापानाच्या जरा आधी, एक ठराव घातला: 'समाजमंदिरातील खोलीत वाचनालय ठेवावे व किल्ली सौ. जयमाला यांचेकडे असावी. सर्वानुमते मंजूर.' आणि दोन्हीकडे रिवाजाप्रमाणे न वाचता सह्या झाल्या.

साहेबांनी दोन्ही वह्या वाचल्या. चपलांच्या प्रसंगापाशी येताच खुर्चीत मागे टेकून हसले. "आता पटलं." मग एकदा दोन्ही वह्यांतल्या अक्षराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा काढून पुसत बसले.

"खोलीवर दोघांचाही दावा आहे," ते शेवटी म्हणाले. "पण एका ठरावावर दोन्ही मंडळांचं एकमत दिसतंय. तेवढा अमलात आणायला माझी हरकत नाही." आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

माझे डोळे भरून आले. दिवाळी तोंडावर आली होती आणि वैशालीची खोली मोकळी होणार होती.

बाहेर व्हरांड्यात खानविलकर आणि सुधीर, भांडणानंतर पहिल्यांदाच, एका सुरात बोलले. "हा ठराव कधी झाला?"

"मागच्या सभेत," मी म्हटलं. "वाचून कायम केलाय तुम्ही."