जादा दात

वरचा पुढचा एक दात येऊन वर्ष झालं, शेजारच्याचा पत्ताच नाही, म्हणून साडेआठ वर्षांच्या त्या मुलीला वडील आणि आत्या माझ्या एक्स-रेच्या खोलीत घेऊन आले. आमच्या घराण्यात दात उशिराच येतात, असं वडील कौतुकाने सांगत होते. त्यांचे स्वतःचे दात बसच्या रांगेत धक्काबुक्की झाल्यासारखे उभे होते. आत्याच्या मते, पोरगी सारखी जीभ लावते म्हणून दात रुसलाय.

मी मुलीच्या अंगावर शिशाचा जड ॲप्रन चढवला, हनुवटी टेकवून घेतली, पुढ्यातली दांडी चावून धरायला सांगितली. यंत्र डोक्याभोवती फिरायला लागलं की पोरांना हमखास हसू फुटतं आणि फोटो वाया जातो. म्हणून सवयीने दम दिला, "इथे दात काढायचे नाहीत हं."

दांडी सोडून तिने विचारलं, "नक्की?"

"नक्की."

मग ती दगडासारखी उभी राहिली. इतकं शहाणं पोर मी वर्षभरात पाहिलं नव्हतं.

फोटोत चोर सापडला. न आलेला दात हिरडीच्या आत तयार होता, पण त्याच्या वाटेत खुंटीसारखा एक जादाचा दात ठाण मांडून बसला होता. फोटो बघून आमचे दातांचे डॉक्टर म्हणाले, हा जादाचा दात शुक्रवारी काढून टाकू. नाहीतर खरा दात वेडावाकडा येईल, किंवा येणारच नाही.

मुलीने माझ्याकडे बोट दाखवलं. "यांनी नक्की म्हटलंय. दात काढायचे नाहीत."

वडील खो खो हसले. मला मात्र घोटाळा कळला. मी हसण्याबद्दल बोलले होते आणि तिने चिमट्याबद्दल ऐकलं होतं. तिने तोंड गच्च मिटून घेतलं. आत्या म्हणाली, अजिबात दुखत नाही. वडील म्हणाले, मुंगी चावल्यासारखं वाटतं. डॉक्टरांनी तर कळणारसुद्धा नाही अशी थाप मारली.

मला स्वतःची लाज वाटली. मी तिच्यासमोर उकिडवी बसले.

"चूक माझी. मी हसू नकोस म्हणत होते. तो दात काढावाच लागेल. सुई टोचताना दुखेल, रडू येईल. मग तेवढा भाग बधिर होईल. नंतर थोडं सुजेल."

डॉक्टरांनी माझ्याकडे खाऊ की गिळू असं पाहिलं.

मुलीने मिटलेलं तोंड उघडलं. मग म्हणाली, "शुक्रवारी माझा हात तुम्ही धरा. हे तिघं बाहेर बसतील."

तिघांत डॉक्टरही होते. त्यांच्यासाठी मला बरीच रदबदली करावी लागली.