बुद्धगयेत खोली मिळवणारा गंज

मी एक जुना जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, गंज आहे, भात शिजवायचं मोठं भांडं. मित्रांनो, माझी गोष्ट कोणाला खरी वाटणार नाही. नका मानू खरी! पण ऐन हंगामात, जिथे बड्याबड्यांना खोली मिळत नव्हती, त्या बुद्धगयेत मी एकट्याच्या जोरावर तीन माणसांना खोली मिळवून दिली.

माझा जन्म विमानाच्या पंखातून झाला. ते विमान देवरीच्या जंगलावरून उडत होतं. खालून मोहाच्या फुलांचा असा वास आला की त्याला झिंग चढली आणि ते झाडाखाली अलगद बसलं, ते पुन्हा उठलंच नाही. त्याचाच एक पंख ठोकून मला घडवलं. पुढे आमगावच्या बाजारात कलाबाईनं मला बोटानं टणटण वाजवलं आणि घरी नेलं. आता माझ्या आत, बुडाशी, एक काळा डाग आहे. ती दृष्ट लागू नये म्हणून लावलेली तीट आहे बरं! उगाच शंका काढू नका.

माझे कामाचे दिवस काय वर्णावे! लग्न असो, बुद्धपौर्णिमेची खीर असो, वस्तीत आधी मला बोलावणं यायचं. एकदा वऱ्हाड सांगितल्याच्या दुप्पट आलं. माझ्यातला भात संपेना, शेवटी वऱ्हाडच संपलं.

मग घरात कुकर आला. शिट्या मारणाऱ्याचं कौतुक जास्त, ही जगाची रीतच आहे. मला परसात नेऊन कोंबडीच्या पिलांवर उपडं घातलं. पिलांना मी आभाळ वाटायचो, तेवढंच समाधान.

यंदा नवं धान घरात आलं आणि कलाबाई नवऱ्याला, देवाजींना म्हणाली, "अजी, माझे गुडघे चालून राहिले तोवर मले बुद्धगयेला न्या. सुजातेनं जिथं बुद्धाले खीर देली, तिथं आपल्या वावरातल्या बांधीतल्या तांदळाची खीर मी माझ्या हातानं करीन अन् लोकायले वाढीन. मंग काही मांगणं नाही."

"कुकर घेऊ का आजी?" नात मोनालीनं विचारलं.

"खीर का शिट्या मारून होते, पोरी? तो गंज आन."

पिलांचं आभाळ उचललं गेलं. मला राखेनं लख्ख घासलं आणि माझ्या पोटात चिन्नोर तांदळाची पुरचुंडी बसली.

मोनालीनं मोबाईलवर खोली बघायला घेतली, तर देवाजी हसले. "मानसाचं तोंड पाहिल्याबिगर खोली? दिवाळीनंतर आपल्या गावच्या मंडईच्या जत्रेले किती पाहुणे येऊन राहतेत आपल्या घरी! कोनी बुक करून आलं होतं का? गावात गेलं का कोनी ना कोनी 'या, बसा' म्हनतेच."

बुद्धगयेत 'या, बसा' म्हणायला कोणालाच सवड नव्हती. देशोदेशीचे यात्रेकरू आलेले. पहिल्या लॉजवाल्यानं खोली दाखवली, तेवढ्यात त्याला मी दिसलो. "रूम है, लेकिन खाना पकाना मना है." दुसऱ्याकडे भाडं ऐकून देवाजींनी विचारलं, "भैया, खोली भाड्यानं देऊन राहिले का विकून राहिले?" तिथून आम्हाला बाहेरचा रस्ता मिळाला. तिसरीकडे तर जिन्यातसुद्धा माणसं झोपलेली.

"म्हणालं का कोणी 'या, बसा'?" मोनालीनं टोमणा मारला. देवाजी खाली मान घालून बॅग ओढत राहिले.

दुपारी एका लहानशा धर्मशाळेपाशी कलाबाईचे गुडघे संपले. व्यवस्थापक ईश्वरदास दारातूनच म्हणाले, "माताजी, जगह नहीं है. एक ही कमरा बचा है, रसोई के पीछे. उसमें बोरे भरे हैं."

देवाजी हळूच म्हणाले, "मोनालीची आजी, संध्याकाळच्या गाडीनं वापस जाऊ."

कलाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "जाऊ. पन खीर करून जाऊ. इथंच, भिंतीपाशी."

तीन विटा, चार काटक्या. मोनालीनं दूध आणलं. मी विटांवर बसलो, आणि मित्रांनो, इथून माझा पराक्रम सुरू होतो! देवाजी आणि मोनाली गाडीची चौकशी करायला गेले होते. दमलेल्या कलाबाईला भिंतीशी टेकल्या टेकल्या डुलकी लागली. सारी खीर माझ्या एकट्याच्या भरवशावर! मी असा वास सोडला, असा सोडला, की झाडावरची पाखरं उडाली, धर्मशाळेच्या साऱ्या खिडक्या धडाधड उघडल्या आणि ईश्वरदास अनवाणी धावत आले, हातात भली मोठी बादली घेऊन. खीर घ्यायला बादली! एवढी भूक मी कोणाला लावली नव्हती.

कलाबाई दचकून उठली, माझ्यात डोकावली आणि रडायलाच लागली. आनंदानं हो! ईश्वरदासांनी बादली खाली ठेवली. "रोइए मत, माताजी. हमारी रसोई में पकाइए." मग त्यांनी स्वतः पोती हलवली आणि मागची खोली झाडून दिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या स्वयंपाकघरातल्या चुलीवर कलाबाईनं उरलेल्या तांदळाची पुन्हा खीर केली. बोधिवृक्षाचं दर्शन घेऊन आली आणि धर्मशाळेच्या अंगणात तिनं आपल्या हातानं वाढली. ईश्वरदासांनी दोनदा मागून घेतली. देवाजी तर येईल त्याला म्हणत होते, "या, बसा!"

म्हणून सांगतो मित्रांनो, जुनी भांडी मोडीत टाकू नका. त्यांना घासा, पुसा, मान द्या. आमच्यासारख्यांच्या नुसत्या वासानं बंद दारं उघड...

"काऊन रे गंजा," शेजारून माझंच झाकण खणखणलं, "बादलीत पानी भरलं होतं, थे कायले नाही सांगून राहिला? खीर करपली होती तुही!"