प्रभुभोजनाचा प्याला आणि लाजरप्पाची शिंदी

मी एक पितळेचा प्याला आहे. बाहेरून पिवळा, आतून कल्हईचा. माझ्या काठाला किती ओठ लागले ते मी मोजलं नाही. पण आज सांगायचं आहे ते तीन वर्षं माझ्यातून न प्यालेल्या एका माणसाचं.

बीदरमधल्या एका म्हाताऱ्या तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. तो अर्धवट बहिरा होता, त्यामुळं माझ्याशी मोठ्यानं बोलायचा. दुकानात मी बरेच दिवस पडून होतो. निजामाच्या राज्यावर पोलीस कारवाई होऊन वर्ष झालं असेल, बसगाड्या पुन्हा सुरळीत धावू लागल्या होत्या, तेव्हा देवदान मास्तर आले. ते दुबलगुंडीच्या शिवारातल्या वीस-बावीस घरांच्या ख्रिस्ती वस्तीचे पाळक. पोरांना शिकवायचेही तेच, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणत. त्यांनी मला दोन्ही हातांत धरून पाहिलं आणि पिशवीत ठेवलं.

वस्तीत माझं काम वर्षातून चार वेळा. प्रभुभोजनाच्या रविवारी, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून, माझ्यात द्राक्षारस ओतायचे आणि सगळे त्यातला घोट घ्यायचे. द्राक्षारस म्हणायचं एवढंच. हुमनाबादच्या बाजारातले मनुके भिजवून, उकळून, फडक्यातून गाळलेलं ते तपकिरी गोड पाणी असायचं. गावातल्या विहिरीवर या माणसांना वरून ओंजळीत पाणी मिळे. इथं मात्र सगळ्यांचे ओठ एकाच काठाला टेकत. पहिल्या दिवशी एक म्हातारी माझ्यातून प्याली आणि तिनं काठ पदरानं पुसायला घेतला. मास्तर म्हणाले, "आज्जी, पुसू नका. राहू द्या."

प्रार्थनाघर छपराचं, त्याला कुलूप नव्हतं. म्हणून मी राहायचो लाजरप्पाच्या घरी, कोनाड्यात, विरलेल्या धोतराच्या फडक्यात.

लाजरप्पा खाणीतला लाल दगड काढणारा माणूस. रुंद खांदे, वाकलेली पाठ. बायको गंगव्वा पटकीत गेली, मूलबाळ नव्हतं. घरात बोलायला कुणी नव्हतं, म्हणून तो स्वतःशी बोलायचा, मधूनच माझ्याशी. मला चिंच-राखेनं घासायचा, कल्हई उडाली की कल्हईवाल्याला शोधून आणायचा.

रोज दिवस कलला की तो हातपाय धुवायचा, उंबऱ्यावर बसायचा आणि शिंदीचा एक पेला प्यायचा. एकच. दुसरा कधी भरलेला मी पाहिला नाही. मग भाकरी खायचा आणि बायबल उघडून ओळीवर बोट ठेवत अक्षर अक्षर वाचायचा.

बावन्न सालच्या ईस्टरच्या आधी मंडळीची बैठक भरली. रत्नम्मा उठून उभी राहिली. ती चाळिशीची विधवा, वस्तीत तिच्या शब्दाला वजन होतं. तिचा नवरा दारूपायी गेला होता. जाण्याआधी त्यानं तिचा एक हात असा मोडला होता की तो पुन्हा कोपरात सरळ झालाच नाही.

"जो पितो त्याला प्याला द्यायचा न्हाई," ती म्हणाली. "मग तो कोण बी असो."

सगळ्यांच्या माना लाजरप्पाकडं वळल्या.

तो सावकाश उभा राहिला. "मास्तर, मी वाचतो तेच इचारतो. काना गावच्या लग्नात येशूनं पाण्याचा द्राक्षारस केला ना? आन् पौलानं आपल्या चेल्याला, तीमथ्याला, काय लिवलं? पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणूनच ना? मग मला कामून अडवायलात?"

मास्तरांनी चष्मा काढला. ते खोटं बोलणारे नव्हते. "खरं आहे, लाजरप्पा. पिऊच नये असं पुस्तकात म्हटलेलं नाही. धुंद होऊ नये असं म्हटलंय. पण तोच पौल असंही लिहितो, की माझ्या खाण्यापिण्यानं भावाला ठेच लागत असेल तर मी ते सोडून देईन."

"मी माझ्या उंबऱ्यावर बसून पितो. कुणाला ठेच लागली?"

रत्नम्मा म्हणाली, "अण्णा, मला शास्त्र सांगू नका. माझा नवरा बी पयल्यांदा एकच पेला प्यायचा."

"मी तुजा नवरा न्हाई, रत्नम्मा."

त्याच्या तोंडून ते जरा कडकच गेलं. तिनं मोडका हात पदराखाली घेतला. हात वर करून मत घेतलं, आणि ठराव झाला.

घरी येऊन लाजरप्पानं मला कोनाड्यात ठेवलं आणि म्हणाला, "देवानं मना केलं तर या घडीला सोडतो. माणसानं मना केलं म्हणून कामून सोडू?"

तेव्हापासून प्रभुभोजनाच्या रविवारी तो पहाटे मला घासायचा, फडक्यानं कोरडा करायचा, प्रार्थनाघरात मास्तरांच्या हाती द्यायचा आणि बाहेर चिंचेखाली जाऊन बसायचा. आतली गाणी त्याला पाठ होती, बाहेरून तो सुरात सूर मिसळायचा. मी ओठाओठांवरून फिरायचो. रांग संपली की तळाशी थोडं उरायचं. कुणी म्हणायचं नाही, पण ते कुणाचं होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. मास्तर ते मातीत ओतायचे. मग लाजरप्पा आत येऊन मला घरी न्यायचा. धुताना त्याचा अंगठा माझ्या काठावरून फिरायचा, थांबायचा, पुन्हा फिरायचा.

चोपन्न साल संपत आलं होतं. रत्नम्माचा धाकटा भाऊ विरुपाक्ष तिच्याकडं राहायला आला होता. पूर्वी तोही फार प्यायचा. रत्नम्मानं त्याला शपथा घालून, कोंडून, जेवू घालून दीड वर्ष कोरडं ठेवलं होतं. तो खाणीत लाजरप्पाबरोबर कामाला लागला. दोघांचं जमलं. लाजरप्पाला बोलायला माणूस मिळाला.

एका संध्याकाळी विरुपाक्ष उंबऱ्यावर येऊन बसला. लाजरप्पाच्या हातात पेला होता.

"लाजरअण्णा," तो हसत म्हणाला, "तुमी पुस्तक वाचणारी माणसं. तुमाला चालतंय, मग मला एक घोट चालंना व्हय?"

मी फडक्याच्या विरलेल्या जागेतून पाहत होतो. मला वाटलं, हा आता नाही म्हणेल. पण ठराव झाल्यापासून जे तो स्वतःला समजावत आला होता, तेच त्यानं विरुपाक्षाला समजावलं. "घोट चालतोय. धुंद व्हायचं न्हाई, बस्स. आपलं आपल्या हातात पायजे." आणि आपला पेला त्याच्यापुढं केला.

विरुपाक्षानं तो एका दमात संपवला. पेला खाली ठेवताना त्याचा हात थरथरत होता. लाजरप्पाच्या ते लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

दुसऱ्या दिवशी विरुपाक्ष खाणीत गेला नाही. तिसऱ्या दिवशी रत्नम्माच्या घरातली पितळी भांडी नाहीशी झाली. नवव्या दिवशी तो हुमनाबादच्या रस्त्याला उसाच्या गाडीखाली सापडला, त्याला बैलगाडीत घालून आणलं. जीव वाचला. डावा पाय गेला.

रत्नम्मा त्या दिवशी लाजरप्पाच्या दारात आली. ती ओरडेल असं मला वाटलं. तिनं एवढंच विचारलं, "तुमी दिला?"

"व्हय."

ती तशीच माघारी फिरली. लाजरप्पानं शिंदीचं मडकं उचललं, परसात नेऊन पालथं केलं. त्यानंतर त्याच्या घरात शिंदी आली नाही. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या प्रभुभोजनाला तो पुन्हा चिंचेखालीच बसला. मास्तरांना कुठून तरी कळलं होतं. ते बाहेर आले. "लाजरप्पा, सोडलीस ना? मग आत ये."

"मास्तर, पुस्तक आज बी तेच म्हणतंय. घोटभर पिणं पाप न्हाई. मी पापाच्या भ्यानं सोडली न्हाई." त्यानं मातीत बोटानं रेघ ओढली. "विरुचा हात थरथरत हुता. डोळ्यापुढं हुता, तरी मी बघितलं न्हाई. मी माझं खरं करण्यात दंग हुतो. आता विरु आत आला की मी येतो."

विरुपाक्ष काही येत नव्हता. कुबडीवर तो वस्तीभर हिंडायचा, पण प्रार्थनाघराकडं पाठ.

मग पंचावन्न सालचा मार्च. रांग संपली, तळाशी थोडं उरलं. मास्तर मला घेऊन दाराकडं निघाले, तेवढ्यात रत्नम्मा पुढं झाली. तिनं चांगल्या हातानं मला घेतलं, मोडक्या हाताचा आधार दिला आणि उन्हात चालू लागली. सगळी मंडळी दारात येऊन उभी राहिली. ती चिंचेखाली लाजरप्पासमोर जमिनीवर बसली.

"घ्या."

"विरु—"

"तो येईल तवा येईल. तवर तुमी बाहेर, तो बाहेर, आन् मी आत बसून पिऊ? माझ्या घशाखाली उतरंना झालंय, अण्णा."

"तू देतीस?"

"मीच बंद केलता न्हवं."

लाजरप्पानं मला घेतलं. त्याचे ओठ माझ्या काठाला लागले, तेव्हा ते कोरडे होते, फुटलेले होते. दोनच घोट होते. तो फार हळू प्याला.

त्यानंतर तो वर्षभरच जगला. छप्पन्न सालच्या उन्हाळ्यात खाणीतच छातीत कळ येऊन गेला. त्याच वर्षी हैदराबाद राज्य मोडलं, बीदर म्हैसूरकडं गेलं, आणि वस्तीला कुणीतरी काचेचे चिमुकले पेले पाठवले, ज्याचा त्याला वेगळा. आता कुणाचे ओठ कुणाच्या ओठांच्या जागी टेकत नाहीत. स्वच्छ आहे, बरंही असेल. माझं काम संपलं.

रत्नम्मानं मला तिच्या घरी आणलं. मी फळीवर असतो. माझी कल्हई उडाली आहे, आत हिरवट डाग पडलेत. समोर रोज विरुपाक्ष बसतो. तो आता पीत नाही. खाली मान घालून भाकरी खातो, कुबडी उचलतो, निघून जातो. रत्नम्मा लाजरप्पाचं नाव काढते, तेव्हा ताटावरून अर्धा उठतो. ती नाव काढायचं सोडून देते.

त्याला वाटतं, आपण देवाच्या माणसाला तोंडघशी पाडलं. चिंचेखाली तो माणूस कुणासाठी बसून राहिला होता, हे त्याला कुणी सांगू शकलेलं नाही. मला सगळं ठाऊक आहे, पण मला तोंड नाही, नुसता काठ आहे.

दुबलगुंडीच्या बाजूला कधी गेलात, आणि कुबडीवरचा एक अबोल माणूस भेटला, तर त्याच्याजवळ थोडं बसा. घाई करू नका, तो उठून जाईल. त्याला एवढंच सांगा, की लाजरप्पा तुझ्यावर रागावलेला नव्हता. तो तुझी वाट पाहत होता.